ओटीपोटातलं कुंभारजुवे

ओटीपोटाच्या रक्तवाहिन्या शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर आधी गोव्याच्या दोन नद्या, मांडवी आणि जुवारी, काढते. मग त्या दोघींना मधून जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, त्यातल्या मगरी कुठे काढायच्या?" मगरी नकोत, कालवा मात्र हवाच. पावसाळ्यात आग्वादपाशी मांडवीच्या मुखावर वाळू साचते आणि दर्याही खवळलेला असतो. अशा वेळी खनिजाच्या बार्ज कुंभारजुव्यात वळायच्या आणि जुवारीतून मुरगाव बंदर गाठायच्या. ओटीपोटातलं रक्तही अडलं की असंच आडवाटेने जातं.

महाधमनी कण्याच्या पुढून खाली येते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर, कमरेच्या चौथ्या मणक्यासमोर दुभंगते. दोन्ही फाटे पुढे पुन्हा दुभंगतात. बाहेरचा पायाकडे निघतो, आतला ओटीपोटात उतरतो. या आतल्या धमनीचं नाव इंटर्नल इलियाक. लांबी जेमतेम ४ सेंटिमीटर, पण मूत्राशय, गर्भाशय, गुदाशयाचा खालचा भाग, कुल्ल्यांचे स्नायू, सगळ्यांचा शिधा तिच्याच फांद्यांतून जातो. पुस्तकात या फांद्या वंशावळीसारख्या नीटस काढलेल्या असतात. विच्छेदनाच्या टेबलावरच्या दोन देहांत त्या तंतोतंत एकसारख्या फुटलेल्या मला तरी आठवत नाहीत.

यातली गर्भाशयाची धमनी सर्वांत अजब. एरवी गर्भाशयाला मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त पुरतं. दिवस भरत आले की तोच ओघ ५०० ते ७०० मिलिलिटरवर जातो. बाईच्या अंगात रक्त असतं पाच-सहा लिटर. बाळंतपणानंतर हा ओघ आवरला नाही तर हाताशी किती मिनिटं उरतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. बहुतेक वेळा गर्भाशय स्वतःच तो आवरतं. त्याच्या स्नायूंचे धागे एकमेकांत विणलेले असतात. ते आवळले की मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या फासात सापडल्यासारख्या मिटतात.

गर्भाशय सैल पडलं तर औषधं, चोळणं, आतून फुगा, टाके असे उपाय असतात. तेही फसले तर सर्जन दोन्ही बाजूंच्या इंटर्नल इलियाक धमन्या दोऱ्याने बांधू शकतो. पहिल्यांदा ऐकणारा हमखास विचारतो, मग गर्भाशय मरत नाही का? नाही मरत. कमरेच्या धमन्या, माकडहाडाकडे उतरणारी मधली बारीक धमनी, गुदाशयाची वरची धमनी, या साऱ्यांचे इंटर्नल इलियाकच्या फांद्यांशी आधीपासूनच सांधे जुळलेले असतात. मुख्य वाट बंद होताच रक्त या कालव्यांतून उलटं वाहू लागतं. १९६०च्या दशकात बर्चेल या अमेरिकी डॉक्टरांनी हे मोजलं. दोन्ही बाजू बांधल्या की नाडीची उसळी ८५ टक्क्यांनी कमी होते, प्रवाह मात्र निम्म्याच्या आसपास टिकतो. म्हणजे रक्त थांबत नाही, त्याचा जोर ओसरतो आणि गुठळी धरायला उसंत मिळते. अशा बायकांना पुढे मुलं झाली आहेत.

बांधल्यावर सर्जन पायाची नाडी चाचपायला सांगतो. घाईत शेजारची पायाची धमनी तर दोऱ्यात आली नाही ना, याची ती खातरजमा.

घाईतला दुसरा धोका मूत्रवाहिनीचा, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीचा. गर्भाशयाच्या मुखापासून दीड-दोन सेंटिमीटरवर गर्भाशयाची धमनी मूत्रवाहिनीला वरून ओलांडते. 'पुलाखालून पाणी', हे आमच्या पोरांचं पाठांतर. गर्भाशय काढताना चिमटा थोडा बाहेर सरकला तर पुलाबरोबर पाणीही कापलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे. धमनी ठोके देते, तर मूत्रवाहिनीला चिमट्याने हलकेच डिवचलं की ती गांडुळासारखी वळवळते.

शिरांबद्दल एकच सांगते. डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते आणि मागच्या मणक्यावर दाबली जाते. गरोदरपणात पायात गुठळी झालीच तर ती बहुतांशी डाव्या पायात होते, त्यात या दाबाचा मोठा वाटा आहे.

आता नसा. आपण शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, त्यामुळे 'नस दाबली गेलीय' म्हणत आलेल्या माणसाला नेमकं काय म्हणायचंय ते आधी विचारून घ्यावं लागतं. इथे मी मज्जातंतूंबद्दल बोलतेय, आणि त्यांना कुंभारजुवे नाही. धमनी बांधली तर शेजारीण धावून येते. मज्जातंतू तुटला तर त्याला स्वतःच पुन्हा वाढावं लागतं, तेही दिवसाला मिलिमीटरभर, आणि नेमकी जागा गाठेलच असं नाही.

प्युडेंडल हा मज्जातंतू तर वाकडी वाट करूनच जातो. कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीतून निघून ओटीपोटाबाहेर पडतो, हाडाच्या एका टोकाला वळसा घालतो आणि दुसऱ्या भोकातून पुन्हा आत शिरतो. ते टोक योनीमार्गातून बोटाला लागतं. त्याच्याजवळ भुलीचं इंजेक्शन दिलं की खालचा भाग बधिर होतो. तासन्तास सायकल चालवणाऱ्यांना तिथे येणारा बधिरपणा याच मज्जातंतूवरच्या दाबाचा. पण सायकलची सीट टेकते तेवढी जागा अचानक बधिर झाली आणि लघवी अडली, तर दोष सीटला देऊ नका. कण्याच्या तळाशी मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो, त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

सर्वांत नाजूक तंतू पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या दोन्ही अंगांना चिकटून जातात. कॅन्सरसाठी प्रोस्टेट काढलेल्या जवळजवळ सगळ्या पुरुषांची लैंगिक ताठरता पूर्वी जायची, कारण हे तंतू नेमके कुठून जातात ते सर्जनांना ठाऊक नव्हतं. १९८१मध्ये अमेरिकी सर्जन पॅट्रिक वॉल्श नेदरलँड्समधल्या लायडनला गेले. तिथे डोंकर नावाचे निवृत्त प्राध्यापक मृत जन्मलेल्या बाळाच्या ओटीपोटाचं विच्छेदन करत होते. मोठ्या माणसाच्या देहात चरबी आणि देह टिकवायच्या औषधांनी दिसेनासे होणारे ते तंतू बाळात स्वच्छ दिसले. पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी ते वाचवून शस्त्रक्रिया केली.

आमच्या टेबलावर मोठी माणसंच असतात. दरवर्षी कुणीतरी चिमटा घेऊन त्या जागी अर्धा तास शोधत बसतो. मी त्याला जागा दाखवते. तंतू काही दाखवता येत नाहीत.