फिस्टुलाचा प्रवाह : मोजणी कशी आली, कुठे अडली

१९६० मध्ये सिअ‍ॅटलमध्ये टेफ्लॉनचा शंट, म्हणजे हातावर कायम ठेवायची धमनी-शीर जोडणारी नळी, आली, तोवर दर डायलिसिसला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून मनगटाजवळ धमनी आणि शीर थेट जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली. या जोडणीलाच फिस्टुला म्हणतात. सत्तरच्या दशकात धमनी आणि शीर यांच्यामध्ये कृत्रिम नळी बसवणारे ग्राफ्टही आले. फिस्टुला चालतोय की नाही, हे पुढची बरीच वर्षं बोटांनीच ठरत होतं. थरथर लागली, स्टेथोस्कोपला घरघर ऐकू आली की सुया टोचायच्या.

१९९५ मध्ये अल्ट्रासाउंडची युक्ती प्रसिद्ध झाली. डायलिसिसच्या दोन्ही नळ्या मुद्दाम उलट जोडायच्या, म्हणजे मशीनमधून परत आलेल्या रक्ताचा काही भाग पुन्हा मशीनकडेच ओढला जातो. मग सलाईनचा एक फवारा द्यायचा. रक्तात ध्वनिलहरी सलाईनपेक्षा वेगाने जातात, त्यामुळे नळ्यांवरचे सेन्सर पुन्हा फिरलेला वाटा टिपतात. पंप मिनिटाला ३०० मिली आणि हा वाटा एक तृतीयांश असेल, तर उरलेलं दोन तृतीयांश रक्त फिस्टुलाचं, म्हणून त्याचा प्रवाह पंपाच्या दुप्पट, ६०० मिली. रक्तदाब उतरला की प्रवाहही घटतो, म्हणून ही मोजणी पहिल्या दीड तासात उरकायची.

अमेरिकेतल्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनी ग्राफ्टसाठी रेषा आखली: प्रवाह ६०० मिलीच्या खाली गेला, किंवा १००० च्या खाली असताना चार महिन्यांत २५ टक्क्यांहून जास्त घटला, तर रुग्णाला पुढच्या तपासणीला पाठवा. तर्क सरळ होता. शीर अरुंद होते, प्रवाह घटतो, गुठळी होते. तेव्हा आधीच फुगा घालून ती रुंद करा.

पण ग्राफ्टवरच्या चाचण्यांत हा तर्क टिकला नाही. अरुंद जागा सापडत होत्या, फुगे घातले जात होते, तरी ग्राफ्टचं आयुष्य ठळकपणे वाढत नव्हतं. फुग्याने दुखावलेली शीर पुन्हा अरुंद होते, हेही त्यामागचं एक कारण. फिस्टुलाच्या बाबतीत इटलीतल्या चाचण्यांनी गुठळ्या कमी झाल्याचं दाखवलं होतं. तरीही त्याच मार्गदर्शक सूचनांच्या २०१९ च्या आवृत्तीने ग्राफ्टसाठी नियमित मोजणी सुचवली नाही आणि फिस्टुलासाठी पुरावा अपुरा ठरवला.

घोळ झाला तो शब्दाचा. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत: एक हाताने, डोळ्याने, कानाने केलेल्या तपासणीसाठी, दुसरा यंत्राने ठराविक काळाने केलेल्या मोजणीसाठी. आपण दोन्हींना ‘देखरेख’च म्हणतो. २०१९ चा निर्णय फक्त दुसऱ्या शब्दाबद्दल होता. ‘देखरेखीची गरज नाही’ असं भाषांतर केलं, की पहिलीही त्यात वाहून जाते, आणि हे रुग्णाच्या जिवाशी खेळणं आहे. फिस्टुला बंद पडला तर मानेत कॅथेटर घालावा लागतो आणि त्यासोबत जंतुसंसर्गाचा धोका येतो.

हाताच्या तपासणीबद्दल त्या आवृत्तीत कसलीही सूट नाही. दर डायलिसिसआधी थरथर चाचपायची. ती जाऊन एका जागी नाडीसारखे ठोके लागले, तर सावध व्हायचं. हात वर धरला की फिस्टुला चपटा व्हायला हवा. फुगलेलाच राहिला तर खांद्याच्या बाजूला वाट अडली आहे असं समजायचं. सुया काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, तर तेही फाईलमध्ये लिहायचं.