चेंडू दोऱ्याला बांधलेला होता: सुरुवातीच्या बेसबॉल फोटोंची गोष्ट

फोटोत दोन संघ आहेत, बोस्टन आणि न्यूयॉर्क. शाळेच्या वार्षिक फोटोला उभं करतात तसे सगळे रांगा धरून. मागच्या रांगेत अगदी डाव्या टोकाला बोस्टनचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, चार्ल्स रॅडबोर्न. चेहरा साळसूद, पण हाताचं मधलं बोट सरळ कॅमेऱ्याकडे रोखलेलं. तारीख २९ एप्रिल १८८६, हंगामाचा पहिला दिवस. या अश्लील खुणेचा हा जगातला सर्वांत जुना ज्ञात फोटो मानला जातो. पुढच्याच वर्षी एका सिगारेट कंपनीने रॅडबोर्नचं कार्ड काढलं, त्यातही कमरेवर ठेवलेल्या हाताचं तेच बोट बाहेर आलेलं आहे. म्हणजे पहिल्या वेळी चुकून झालं, असं म्हणायलाही जागा नाही. १८८४ साली एका हंगामात जवळपास साठ सामने जिंकून देणाऱ्या माणसाला कोण काय बोलणार?

रॅडबोर्नने काय केलं ते कळतं, का केलं ते कळत नाही. सुरुवातीच्या बेसबॉलचे फोटो बहुतेक याच जातीचे आहेत. त्यांत खेळ जवळजवळ नाहीच. दिसतात ती बसवलेली, उभी केलेली माणसं. कोण कुणाशेजारी बसलं, कपडे काय, हात कुठे ठेवलेत, हे मात्र त्यात सगळं आहे. त्याचं कारण खेळात नव्हतं, कॅमेऱ्यात होतं.

फोटो काढण्याची दागेरची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. योगायोग असा की अमेरिकेत बेसबॉलचा जन्मही १८३९ चाच, असं पुढे कित्येक वर्षं शिकवलं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका समितीने निकाल दिला की अब्नर डबलडे नावाच्या माणसाने कूपर्सटाऊनमध्ये त्या वर्षी हा खेळ शोधला. डबलडे तेव्हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. ती दंतकथाच, पण एवढी लाडकी की खेळाचं संग्रहालय आजही कूपर्सटाऊनमध्येच आहे.

दागेरची तसबीर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटायची. निगेटिव्ह नसल्यामुळे एका तसबिरीची दुसरी प्रत निघत नसे, आणि समोरच्याला कित्येक सेकंद दगडासारखं स्थिर राहावं लागे. अशा एका पत्र्यावरून संशोधकांचा वाद अजून संपलेला नाही. त्यात सहा पुरुष आहेत. ते न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबाचे सभासद, आणि त्यांतला एक अलेक्झांडर कार्टराइट, असा दावा आहे. या क्लबाने १८४५ साली नियम लिहून काढले आणि जून १८४६ मध्ये नदीपलीकडे होबोकनच्या एलिशियन फील्ड्सवर न्यूयॉर्कच्या दुसऱ्या एका संघाकडून २३-१ असा सपाटून मार खाल्ला. दावा खरा असेल तर बेसबॉलपटूंचं याहून जुनं चित्र नाही. पण तसबिरीत ना बॅट, ना चेंडू. मग कानाची पाळी, भुवयांची ठेवण, केसांचा भांग नंतरच्या फोटोंशी जुळवून पाहायचा. जुळतो म्हणणारे आहेत, जुळत नाही म्हणणारेही आहेत.

पुढच्या १५ वर्षांत काचेवरची ओली निगेटिव्ह आली आणि तिच्या जोडीला अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद. एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. मात्र काच ओली असतानाच फोटो काढून ती धुवावी लागायची, म्हणजे फोटोग्राफरने अंधारी राहुटी बरोबर घेऊन हिंडायचं. पळता माणूस टिपणं अशक्यच. १८५९ च्या सुमाराच्या एका फोटोत निकरबॉकर आणि ब्रुकलिनचा एक्सेलसियर हे दोन संघ ओळीने उभे आहेत आणि मध्ये उंच काळी टोपी घातलेला अंपायर. सामना आहे की लग्नाची बैठक, असा प्रश्न पडावा.

त्या काळात खेळ टिपला गेला तो जवळपास अपघाताने. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजांनी १८६२ च्या एप्रिलमध्ये जॉर्जियातला फोर्ट पुलास्की घेतला. तिथे ४८ व्या न्यूयॉर्क पलटणीच्या एका कंपनीचा फोटो काढला गेला. शिपाई पुढे रांगेत उभे आहेत, फोटो त्यांचाच. पण मागे, किल्ल्याच्या मोकळ्या पटांगणात, काही माणसं बेसबॉल खेळताना दिसतात. चालू असलेल्या बेसबॉलच्या सर्वांत जुन्या फोटोंत याची गणना होते, आणि त्यात बेसबॉल आहे तो मागच्या बाजूला, नखाएवढा.

एक्सेलसियरचा जिम क्रेटन हा या खेळाचा पहिला मोठा तारा. १८६० च्या संघाच्या फोटोत तो हातात चेंडू घेऊन उभा आहे. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १८६२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो गेला. जोरदार फटका मारताना आतून काहीतरी तुटलं, अशी आख्यायिका लगेच पसरली. तोवर घरोघरी व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो अल्बममध्ये लावायची टूम निघाली होती. नातेवाइकांच्या शेजारी सेनापती आणि नटनट्या, आणि आता त्यांच्या ओळीत खेळाडूही येऊन बसले. १८६३ साली होबोकनला हॅरी राइटच्या मदतीसाठी भरवलेल्या सामन्यांच्या तिकिटांवरही राइटचा फोटो होता.

हा हॅरी राइट आपल्याला ओळखीचा वाटावा असा माणूस आहे. जन्म इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, बाप व्यावसायिक क्रिकेटपटू, आणि तो स्वतःही न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबाच्या नोकरीत. पुढे सिनसिनाटीने त्याला क्रिकेटसाठीच बोलावून घेतलं आणि तिथे त्याने बेसबॉलचा संघ उभा केला. १८६९ चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारा पहिला संघ. त्या वर्षी ५७ सामने, सगळे जिंकलेले. कप्तान हॅरीला १,२०० डॉलर आणि त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज, शॉर्टस्टॉपच्या जागेवरचा क्षेत्ररक्षक, त्याला १,४०० डॉलर. घरात यावरून काय बोलणं झालं असेल कोण जाणे.

या संघाचा फोटो न्यूयॉर्कच्या पेक अँड स्नायडर या खेळसाहित्याच्या दुकानाने जाड पुठ्ठ्यावर चिकटवून मागे स्वतःची जाहिरात छापली. आजच्या बेसबॉल कार्डांची आजी म्हणायला हरकत नाही. फोटोत दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे विजारी. तोवर खेळाडू पायघोळ विजार घालून खेळत. राइटच्या पोरांनी ती गुडघ्याखाली आवळली, आणि लांब मोजे लोकांना दिसावेत म्हणूनच जणू आवळली. दुसरी म्हणजे हे लालभडक मोजे फोटोत काळेकुट्ट आहेत. त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला लाल रंग दिसतच नसे, निळा मात्र पांढरा पडे. आपल्याकडच्या जुन्या फोटोंत आजी-पणजीच्या कपाळावरचं कुंकू काळं दिसतं, तेही याच कारणाने.

या फोटोंत हातांकडेही बघावं. मोजे आहेत, हातमोजे नाहीत. फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरसकट सगळे उघड्या हाताने चेंडू झेलत. हातमोजा घालणं हे १८७० च्या दशकात थोडं बायकी समजलं जाई, म्हणून ज्यांनी घातला त्यांनी आधी कातडीच्या रंगाचा, लांबून कळणार नाही असा घातला. स्पॉल्डिंगने १८७७ मध्ये काळा हातमोजा घालायला सुरुवात केली. तो मोठा पिचर तर होताच, शिवाय खेळसाहित्याच्या दुकानाचा मालकही होता, त्यामुळे हातमोजा खपला तर त्याला वाईट वाटायचं कारण नव्हतं.

मग आली सिगारेट. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत, त्यावर काहीतरी चित्र असलं तर गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेतं, हे कंपन्यांना उमगलं. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने ओल्ड जज या सिगारेटसाठी १८८६ ते १८९० या काळात ५०० हून अधिक खेळाडूंचे खरे फोटो काढवून घातले. वेगवेगळ्या ठेवणी मोजल्या तर दोन हजारांच्या वर जातात. एकेक कार्ड काडेपेटीपेक्षा थोडंसंच मोठं.

काम बहुतेक स्टुडिओतलं. मागे रंगवलेला पडदा, खाली जाजम. फलंदाजाने बॅट उगारलेली आहे आणि चेंडू हवेत थांबलाय, कारण तो छताला दोऱ्याने टांगलेला आहे. नीट पाहिलं तर दोरा दिसतो. कुणी दोन्ही हात वर करून त्या टांगलेल्या चेंडूचा झेल घेतोय, तर कुणी जाजमावर आडवा पडून बेसकडे, म्हणजे धावत गाठायच्या टप्प्याकडे, घसरल्याचं सोंग करतोय आणि त्याच्या तोंडावर लाज स्पष्ट दिसतेय. मला ही कार्डं सगळ्यांत आवडतात. प्रामाणिक खोटेपणा आहे त्यांच्यात. १८९० साली गुडविनसकट पाच मोठ्या कंपन्या अमेरिकन टोबॅको या एकाच कंपनीत विलीन झाल्या. स्पर्धा संपली तशी गिऱ्हाइकाला लाडीगोडी लावायची गरजही संपली, आणि कार्डं जवळजवळ बंद पडली.

याच काळात, १८८७ साली, सिराक्यूज स्टार्स या संघाच्या फोटोवरून एक प्रकरण झालं, आणि या सगळ्या इतिहासात ते मला सर्वांत बोलकं वाटतं. संघाचा पिचर रॉबर्ट हिगिन्स कृष्णवर्णीय होता. जून महिन्यात संघाचा फोटो काढायचा ठरला, तेव्हा डग क्रोदर्स आणि हेन्री सायमन या दोघा गोऱ्या खेळाडूंनी त्याच्याबरोबर बसायला नकार दिला. मॅनेजर जो सिमन्सने जाब विचारला, तर क्रोदर्सने त्याच्यावरच हात उचलला. क्रोदर्सला निलंबित केलं गेलं. हिगिन्सबरोबर हे दोघे एकाच मैदानावर खेळत होते, तोच चेंडू झेलत होते. सामना संध्याकाळी संपतो, फोटो मात्र भिंतीवर राहतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

पुढच्याच महिन्यात, १४ जुलैला, ते खेळत होते त्या इंटरनॅशनल लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. फ्लीट वॉकर हा कॅचर १८८४ मध्ये टोलीडोकडून अव्वल लीगमध्ये खेळला होता. १८८९ पर्यंत तो या लीगमध्ये टिकला, मग तोही गेला. ओबर्लिन कॉलेजच्या १८८१ च्या संघाच्या फोटोत वॉकर आणि त्याचा भाऊ वेल्डी गोऱ्या मुलांत मिसळून बसलेले आहेत. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ अशा फोटोंत तसे चेहरे दिसेनासे झाले. कृष्णवर्णीयांनी स्वतःचे संघ काढले, त्यांचेही फोटो निघाले. पण ते जपायला मोठी ग्रंथालयं पुढे आली नाहीत. सोल व्हाइट या खेळाडूने १९०७ मध्ये स्वतःच एक छोटं पुस्तक काढून त्यात ते छापले, म्हणून त्यांतले कित्येक चेहरे आज माहीत आहेत. इंटरनॅशनल लीगमध्ये पुन्हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९४६ मध्ये, माँट्रियलकडून. त्याचं नाव जॅकी रॉबिन्सन.

मधल्या काळात स्पॉल्डिंग दोन संघ घेऊन जगभर फिरून आला. जानेवारी १८८९ मध्ये ते कोलंबोला खेळले, तिथून सुएझमार्गे इजिप्तला गेले, आणि स्फिंक्सच्या अंगाखांद्यावर चढून बसलेल्या खेळाडूंचा फोटो निघाला. जाहिरात म्हणून उत्तम. स्फिंक्सबद्दल थोडी कीव येते.

दोरा सुटला तो विसाव्या शतकात. कोरड्या काचा आधीच आल्या होत्या, आता शटरही वेगवान झालं. चार्ल्स कॉनलन न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होता. १९०४ च्या सुमारास सुटीच्या दिवशी तो मैदानावर जाऊन फोटो काढू लागला. तेव्हा फोटोग्राफर सीमारेषेच्या आतच उभे राहत. १९१० मध्ये हिलटॉप पार्कवर कॉनलन तिसऱ्या बेसजवळ उभा असताना टाय कॉब बेस चोरायला, म्हणजे फटका नसतानाच पुढचा बेस गाठायला, सुटला. तिसऱ्या बेसवर जिमी ऑस्टिन. कॉब घसरत आला, ऑस्टिनचे पाय उडाले, मातीचा लोट उठला. कॉनलनने पुढे सांगितलं की आपला मित्र जखमी झाला की काय याच काळजीत तो होता, फोटो घेतला की नाही हेही त्याला आठवेना. खबरदारी म्हणून काच बदलली. घरी जाऊन काचा धुतल्या तेव्हा एकीवर कॉबचे आवळलेले दात, उडालेली माती, सगळं होतं.

कॉनलनच्या काचा जड होत्या, ठिसूळ होत्या, आणि जागा खायच्या. बऱ्याच फुटल्या, काही टाकून दिल्या गेल्या, सुमारे आठ हजार उरल्या. बाकीच्यांच्या फोटोंचं नशीब ज्याच्या-त्याच्या हाती. बोस्टनमध्ये मायकेल मॅक्ग्रीव्ही नावाचा इसम दारूचा गुत्ता चालवायचा. गुत्त्याचं नाव ‘थर्ड बेस’, कारण खेळात तिसरा बेस हा ‘होम’ला, म्हणजे घरी, जाण्याआधीचा शेवटचा थांबा, आणि हा गुत्ताही तसाच. भिंती खेळाडूंच्या फोटोंनी भरलेल्या. दारूबंदी आली, गुत्ता बंद पडला, आणि १९२३ मध्ये त्याने फोटो बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला देऊन टाकले. स्पॉल्डिंगचा प्रचंड संग्रह त्याच्या विधवेने १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिला. त्यातून १९७० च्या दशकात फोटो आणि कागद चोरीला गेले. २००९ मध्ये हॅरी राइटला आलेली पत्रं एका लिलावात विकायला निघाली, तेव्हा एफबीआयने चौकशी सुरू केली.

सिगारेटची कार्डं वाचवली ती जेफर्सन बर्डिकने, सिराक्यूजच्याच एका कामगाराने. संधिवाताने बोटं वाकलेली असताना तो वर्षानुवर्षं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात येऊन तीन लाखांहून अधिक कार्डं आणि छापील कागद स्वतः अल्बममध्ये चिकटवत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, मार्चमध्ये तो गेला.

आणि काही फोटो कुणीच वाचवले नाहीत, ते आपोआप वाचले. अमेरिकेच्या मेन राज्यात कुणीतरी घरासमोर मांडलेल्या जुन्या सामानातून एक फोटो अल्बम उचलला, दोन खुर्च्यांबरोबर. आत १८६५ च्या ब्रुकलिन अटलांटिक्स संघाचा, तळहातात मावेल एवढा फोटो होता. २०१३ मध्ये तो लिलावात ९२,००० डॉलरला गेला. त्याची दुसरी प्रत वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे, इंटरनेटवर फुकट बघता येते.