शिखर लोहाचं, नाव मात्र निकोटिनामाइनचं: आयसीपी-एमएस आणि ईएसआय-एमएस यांतला घोळ

वनस्पतीतल्या लोहावरचे प्रबंध वाचताना एक वाक्य वारंवार भेटतं: ‘आयसीपी-एमएसच्या साहाय्याने लोह-निकोटिनामाइन ओळखलं.’ (निकोटिनामाइन, इंग्रजीत nicotianamine, हा वनस्पतीत लोहाला बांधून ठेवणारा छोटा रेणू.) हे वाक्य चूक आहे. आयसीपी-एमएस नमुन्यातले अणू मोजतं; रेणूचं वजन मोजतं ते दुसरं यंत्र, ईएसआय-एमएस. ते तपासणाऱ्यांच्या नजरेतून सुटतं, आणि मग पुढचा विद्यार्थी तेच उतरवून घेतो. दोन्ही यंत्रांच्या नावाच्या शेवटी ‘एमएस’ आहे, दोन्ही एचपीएलसीच्या कॉलमला (द्रावणातले घटक वेगळे करून एकामागून एक बाहेर सोडणाऱ्या नळीला) जोडता येतात आणि दोन्हींतून शिखरांचा (पीक्सचा) आलेखच बाहेर पडतो. गोंधळ होणं समजण्यासारखं आहे, पण तो चालू ठेवणं योग्य नाही.

आयसीपी-एमएस बहुतेकांनी हाताळलेलं असतं. लोह-५६ वर (५६ वस्तुमानाच्या लोहाच्या अणूवर) तितक्याच वजनाच्या आर्गॉन आणि ऑक्सिजनच्या जोडीची सावली पडते, ती दूर करायला कोलिजन सेल हा कक्ष लागतो, हे त्यांना नव्याने सांगायला नको.

खरी मेख आयसीपी-एमएसच्या प्लाझ्मात, म्हणजे नमुना ज्यात सोडतात त्या अतितप्त, विद्युतभारित वायूत आहे. तिथलं तापमान हजारो अंशांचं असतं. त्यात रेणू टिकत नाही. सायट्रेटला बांधलेलं लोह असो, फायटेटमध्ये अडकलेलं असो की फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या पोटातलं असो, शोधकापर्यंत पोहोचतो तो फक्त लोहाचा सुटा आयन. तो कुठल्या घरातून आला याची कसलीही खूण त्याच्यावर उरत नाही. म्हणजे आलेखावरचं शिखर एवढंच सांगतं की अमुक मिनिटाला कॉलममधून लोह बाहेर आलं.

‘पण प्रमाण नमुनाही (तुलनेसाठी घेतलेलं ओळखीचं शुद्ध संयुगही) त्याच मिनिटाला आला होता’ हा नेहमीचा युक्तिवाद. तो पुरावा नाही, फार तर संशयाला जागा आहे. लहान, पाण्यात सहज विरघळणारी लोह-संयुगं कॉलममधून एकमेकांना खेटूनच निघतात. शिवाय सायट्रेटसारखा सैल बंध कॉलममध्येच सुटू शकतो आणि मोकळं झालेलं लोह वाटेत भेटलेल्या निकोटिनामाइनला चिकटू शकतं. तेव्हा दिसतं ते शिखर झाडात नव्हतंच, कॉलममध्ये जन्मलेलं असतं.

ईएसआय-एमएसमध्ये द्रावणाचे विद्युतभारित थेंब सुकत जातात आणि रेणू बहुतांशी अखंड राहतो. निकोटिनामाइनचा रेणुभार ३०३. ऋण मोडमध्ये (ऋणभारित आयन मोजताना) त्याचं फेरस (दोन धनभारांच्या लोहाचं) संयुग ३५६ वर आणि फेरिक (तीन धनभारांच्या लोहाचं) ३५५ वर दिसतं. इथे रेणूचं वजनच हाती येतं, म्हणून नाव द्यायचा अधिकार या यंत्राला आहे. तोही अटीवर: समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचा) ठसा जुळला पाहिजे. निसर्गातल्या लोहात लोह-५६ सुमारे ९१.८ टक्के, तर लोह-५४ सुमारे ५.८ टक्के. त्यामुळे रेणूत लोहाचा एक अणू असेल, तर मुख्य शिखराच्या दोन एककं अलीकडे साधारण ६ टक्के उंचीचं छोटं शिखर हवंच. ते दाखवलेलं नसेल तर ती ओळख मी मान्य करत नाही. आणखी एक सापळा आहे. ३५५ च्या फेरिक संयुगाचं कार्बन-१३ आणि लोह-५७ मुळे येणारं जोडशिखर नेमकं ३५६ वर पडतं, मुख्य शिखराच्या जवळपास १६ टक्के उंचीचं. ठसा न पाहणारा त्यालाच फेरस समजतो.

मग ईएसआयच पुरे का? नाही. त्यात शिखराची उंची रेणूच्या स्वभावावर आणि सोबतच्या क्षारांवर अवलंबून असते, त्यामुळे उंचीवरून लोहाचं प्रमाण काढता येत नाही. प्लाझ्माला रेणूशी देणंघेणं नसतं, आणि म्हणूनच किती लोह आहे हे सांगायला तोच भरवशाचा. नाव ईएसआयकडून घ्यावं, प्रमाण आयसीपीकडून. टोमॅटोच्या झायलेम रसात (मुळांकडून वर जाणाऱ्या रसात) तीन फेरिक आणि तीन सायट्रेट यांचं संयुग २०१० मध्ये दाखवलं गेलं, ते दोन्ही यंत्रांची साक्ष जुळवूनच. नुसत्या आयसीपीवर ते ‘लोहाचं एक शिखर’ एवढंच राहिलं असतं.

पानातलं लोह फेरस की फेरिक, हा प्रश्न या दोघांना विचारूच नये. ईएसआयमध्ये द्रावण फवारणाऱ्या सुईच्या टोकाशीच विद्युत-रासायनिक क्रिया होऊ शकते आणि लोहाची अवस्था बदलू शकते. त्यासाठी मॉसबाउअर (गॅमा किरणांची) किंवा झेन्स (XANES, क्ष-किरणांची) ही तंत्रं. मॉसबाउअरला फक्त लोह-५७ दिसतं आणि ते निसर्गात जेमतेम २ टक्के, त्यामुळे रोप बहुधा लोह-५७ देऊनच वाढवावं लागतं.

नमुना काढण्याबद्दल माझा आग्रह आहे. झायलेम रस आम्लधर्मी, साधारण ५.५ पीएचचा, तिथे सायट्रेटचं राज्य. फ्लोएम रसाचा (पानांत तयार झालेलं अन्न वाहून नेणाऱ्या रसाचा) पीएच ७ च्या वर, तिथे निकोटिनामाइन बळकट. दोन्ही रस एकाच आम्लधर्मी द्रावणात धरले तर कोणी कोणाला बांधलं होतं हे कायमचं पुसलं जातं. प्रत्येक रसाच्या स्वतःच्या पीएचजवळचा अमोनियम ॲसिटेट बफर वापरा. कॉलम आणि नळ्या पीक (PEEK) या प्लास्टिकच्या घ्या, कारण स्टेनलेस स्टीलमधून लोह झिरपतं. आणि नमुन्याआधी लोहाचा अंशही नसलेलं शुद्ध निकोटिनामाइन कॉलममधून सोडून पाहा. लोह-संयुगाचं शिखर आलं, तर ते लोह तुमच्या यंत्राचं आहे.