गडग्याआडची गाडी

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून निदान ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. चाचणीत गाडी आठाच्या आकड्यात फिरवून दाखवायची, रिव्हर्स घ्यायचा, चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरता उचलायची, हात किंवा इंडिकेटर वेळेवर दाखवायचा. हे यायलाच हवं. पण दिवाळीनंतर गाडी शिकून फेब्रुवारीत परवाना काढलेल्या कोकणातल्या माणसाने तोवर ओल्या रस्त्यावर एकदाही ब्रेक मारलेला नसतो. गणपतीतला मुंबई-गोवा महामार्ग त्याने पाहिलेला असतो, पण एसटीच्या खिडकीतून.

नवख्या चालकाला अपघाताचा धोका सर्वांत जास्त असतो तो परवान्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. पुढे तो भराभर उतरतो, असं अनेक देशांत दिसून आलं आहे. या काळात क्लच-गिअरचं काम थोडंफार सफाईदार होतं, पण खरा फरक पडतो नजरेत. १९७२ साली मोरँट आणि रॉकवेल या अमेरिकी संशोधकांनी गाडी चालवणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. नवख्यांची नजर गाडीच्या अगदी पुढ्यातल्या रस्त्यावर जास्त रेंगाळत होती आणि आरशांकडे कमी वळत होती. मुरलेले चालक लांबवर बघत होते आणि त्यांची नजर आजूबाजूलाही फिरत होती. नवख्याला गाडी रस्त्यात नीट ठेवायची तर कड थेट बघावी लागते. सरावाने तेच काम डोळ्याच्या कडेने व्हायला लागतं, तेव्हा कुठे मधली नजर लांबचं बघायला मोकळी होते.

कोकणात ही मोकळी नजर जरा जास्तच लागते. वाडीतून जाणारा रस्ता जेमतेम एका गाडीचा, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि गडगा जिथे वळतो तिथेच रस्ताही वळतो. श्रावणात त्यावर रान माजलं की मे महिन्यात दिसणारं वळणही दिसेनासं होतं. समजा, अशा वळणावर पुढचा रस्ता ३० मीटर दिसतोय. समोरून येणाऱ्यालाही तेवढाच दिसतो, म्हणजे दोघांनी थांबायचं तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ मीटर. आता हिशेब करू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ताशी ३० किलोमीटरला तेवढ्यात गाडी साडेबारा मीटर पुढे जाते. कोरड्या डांबरावर ब्रेक लागून थांबायला आणखी पाच मीटर. एकूण साडेसतरा, म्हणजे समोरासमोर गाठ. ताशी २५ ला हाच आकडा १४ मीटरच्या आसपास येतो. पाच किलोमीटरचाच काय तो फरक! अशा ठिकाणी हॉर्न वाजवणं मला मुळीच असभ्य वाटत नाही. गडग्याआडच्या माणसाची दीड सेकंदाची उधारी तो आधीच फेडून टाकतो.

मोठ्या रस्त्यावरच्या वळणांचं शास्त्र थोडं वेगळं. मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी १९९४ साली एडिंबरामधल्या एका नागमोडी रस्त्यावर चालकांची नजर तपासली. वळण सुरू होण्याआधी एक-दोन सेकंद ती वळणाच्या आतल्या कडेवरच्या ठरावीक बिंदूवर जाऊन बसत होती आणि स्टिअरिंग किती फिरवायचं ते त्यावरून ठरत होतं. कुंभार्ली किंवा आंबोलीच्या घाटात नवखा माणूस बाहेरच्या कठड्याकडे, म्हणजे दरीकडेच बघत राहतो आणि हळूहळू तिकडेच सरकतो, त्याचं मूळ यात आहे. घाटात आणखी एक खूण कामाला येते. पुढे रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या जागेवर लक्ष ठेवायचं. ती जागा जवळ येऊ लागली तर वळण आवळतंय, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. लांब पळू लागली तर वळण सुटतंय.

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे बचत तर नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर. सतत दाबून ब्रेक तापले आणि त्यातलं ऑइल उकळलं, तर ब्रेक लागेनासे होतात. त्यात हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषलेल्याचा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. आपल्याकडच्या दमट हवेत ते वेळच्या वेळी बदललेलं बरं. आणि अरुंद चढावर आधी वाट द्यायची ती वर चढणाऱ्याला, हा नियमच आहे.

मग पाऊस. उन्हाळाभर रस्त्यावर बसलेलं तेल, टायरची भुकटी आणि तांबडी माती पहिल्या सरीत एकत्र कालवली जाते, म्हणून मृगाचा पहिला दिवस जुलैतल्या धो धो पावसापेक्षाही फसवा. एरवीही ताशी ६० ला कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर साधारण २० मीटर पुरतात, ओल्यावर ३५. त्यात दीड सेकंदाचे २५ मिळवले की ६० मीटर झाले. रात्री डिम लाइटचा उजेड पडतो साधारण ४० ते ६० मीटर. रस्त्यात बसलेली काळी म्हैस त्या उजेडाच्या टोकाला दिसते.

हे सगळं गाडी चालवता चालवता आपोआप येईल असं वाटतं, पण रस्ता हा वह्या न तपासणारा मास्तर आहे. परशुराम घाटाच्या वळणावर आंधळेपणाने ओव्हरटेक केलं आणि समोरून कुणी आलं नाही, तर मेंदू त्याची नोंद ‘जमलं’ अशीच करतो. १९८१ साली ओला स्वेनसन यांनी चालकांना विचारलं, तेव्हा अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के जणांनी कौशल्यात स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. नॉर्वेत नवख्यांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायला शिकवलं, तर तरुण पुरुषांचे तसल्या रस्त्यावरचे अपघात उलट वाढले. गाडी सावरता येते या भरवशावर पोरं वेग कमी करेनात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

धोका आधी ओळखायची नजर मात्र शिकवता येते. ब्रिटनने २००२ पासून परवान्याच्या लेखी परीक्षेला तिची चाचणी जोडली. घरच्या घरी करण्यासारखा उपाय तिथल्या पोलीस चालकांच्या शिक्षणातला आहे: गाडी चालवताना जे दिसतं आणि त्यातून जे होऊ शकतं, ते मोठ्याने बोलत जायचं. “पुढे थांब्यावर एसटी उभी, पुढून कुणीतरी रस्ता ओलांडेल. डावीकडे मासेवालीची पाटी, रिक्षा अचानक थांबेल. साइडपट्टी गवताखाली गेलीय, तिथे चाक उतरवायचं नाही.” रोजच्या ओळखीच्या रस्त्यावर दहा मिनिटं पुरे. तोंड मागे पडून गोष्टी न बोलताच निघून जाऊ लागल्या, तर वेग तेवढा कमी करायचा. शेजारी बसणाऱ्याला तेवढी आधी कल्पना देऊन ठेवा.