उसण भरली म्हणून झोपून राहू नका

आमच्या नाशिकला द्राक्षाची काढणी सुरू झाली की घराघरात कोणाची ना कोणाची कंबर धरलेली असते. मांडवाखाली मान मागे टाकून तासन्‌तास हात वर, आणि मग भरलेली कॅरेटं उचलून गाडीत लावायची. मागच्या सीझनला पिंपळगावच्या माझ्या काकांना असंच कॅरेट उचलताना उसण भरली, जागेवर खाली बसले. एमआरआय काढला, रिपोर्टात "डिस्क बल्ज", म्हणजे दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) फुगलीये, असं आलं आणि घरात एकच गलका, गादी सरकली गादी सरकली! तीन आठवडे पट्टा बांधून पलंगावर. उठले तेव्हा आधीपेक्षा जास्त वाकलेले, संडासला जायचं तरी धरून न्यावं लागायचं.

आता गंमत नाही, खरंच समजून घ्या. गादी "सरकत" नाही. डिस्क वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, फार तर एका बाजूने फुगते किंवा तिच्यातला मऊ भाग बाहेर डोकावतो. आणि हे फुगणं अजिबात न दुखणाऱ्या माणसातही दिसतं. २०१५ साली आधीच्या बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तर कंबर दुखत नसलेल्या विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये बल्ज होता आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्के. म्हणजे वयाने केस पिकतात तसंच काहीसं. त्यामुळे नुसता रिपोर्ट वाचून घाबरायचं नाही, माणूस तपासून घ्यायचा.

झोपून राहिल्याने नुकसान का होतं तर मोठ्या माणसाच्या डिस्कला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आजूबाजूच्या हाडातून पाणी आणि पोषण झिरपत झिरपत आत येतं आणि शरीराची हालचाल, दाब पडणं-सुटणं, हे त्याला मदत करतं. वर मणक्यांना लागून जे छोटे छोटे स्नायू असतात ते दुखण्यात आणि आरामात लवकर बारीक होतात, मग कंबरेला आधार द्यायचं काम ते नीट करत नाहीत. आणि तिसरी गोष्ट भीतीची. मेंदू एकदा घाबरला की साधं वाकणंही त्याला धोक्याचं वाटतं, तो लगेच स्नायू आवळून टाकतो, आणि आवळलेले स्नायू अजून दुखतात.

काकांना शेवटी गंगापूर रोडला एका फिजिओ मॅडमकडे नेलं. मला वाटलं आता मशीन लावतील. त्यांनी आधी नुसतं स्टुलावरून उठायला आणि परत बसायला सांगितलं, चार-पाच वेळा, आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही श्वास रोखून धरताय बघा." खरंच धरला होता! मग एक काठी पाठीला उभी लावली, डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली, आणि काठी सुटू न देता खुब्यातून वाकायला शिकवलं. पहिल्या दिवशी रिकामं कॅरेट, तेही स्टुलावरून. पुढच्या आठवड्यात त्यात पाच किलो बटाटे. मग दहा. नियम एकच, दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर जायला नको आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आधीसारखं व्हायला हवं. नाही झालं तर वजन कमी, बंद नाही. औषधाचा डोस ठरवतात तसाच हा वजनाचा डोस.

मशीनबद्दल मला मनापासून सांगायचंय कारण लोकांचे पैसे त्यात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ज्या सूचना काढल्या त्यात व्यायाम आणि समजावून सांगणं याला हो म्हटलंय, पण पट्टा, ट्रॅक्शन (कंबर ताणणं), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा शेक), टेन्स (विजेचे हलके झटके) हे नेहमीच्या उपचारात वापरू नका असं स्पष्ट आहे. दहा दिवस नुसतं मशीनखाली झोपवून एकही व्यायाम न शिकवता घरी पाठवत असतील तर सरळ विचारा, मी करायचं काय ते सांगा.

खेळातल्या दुखापतीतही हाच हिशोब. ज्या जिल्ह्यातून कविता राऊत धावली आणि दत्तू भोकनळ रिओ ऑलिम्पिकला वल्हवायला गेला तिथे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज पोरं पळतात, आणि पाय मुरगळला की बर्फ, क्रेप बँडेज, आठवडाभर आराम आणि परत ट्रॅकवर. माझाही पाय रामशेज किल्ला उतरताना मुरगळला, बाहेरच्या घोट्याशी वांग्याएवढी सूज. सूज उतरली म्हणून मी पळायला लागलो तर दोन महिन्यात तोच पाय परत. कारण लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारी पट्टी, नुसती दोरी नसते, तिच्यातल्या नसा पाय कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवत असतात आणि ताणल्यावर ती खबर नीट पोचत नाही. त्यासाठी एका पायावर उभं राहायचं, मग उशीवर, मग डोळे मिटून. मी रोज दात घासताना करायचो, पहिल्या आठवड्यात डोळे मिटले की पाच सेकंदही टिकत नव्हतो, बेसिन धरावं लागायचं, सहाव्या आठवड्यात तीस झाले.

गुडघ्याच्या एसीएलचं (गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट) ऑपरेशन झालेल्यांनी तर घाई करूच नका, कबड्डीची पोरं पाचव्या महिन्यात मॅटवर उतरतात ते बघून पोटात गोळा येतो. निदान नऊ महिने, आणि ऑपरेशनच्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या जवळपास ९० टक्क्यांवर आल्याशिवाय नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांमध्ये बधिरपणा आला, पायातली ताकद जायला लागली, तर फिजिओ नाही, व्यायाम नाही, त्याच रात्री थेट हॉस्पिटल. दुखण्यासोबत ताप असेल, उगाच वजन उतरत असेल किंवा पडल्यावर दुखायला लागलं असेल तरी आधी डॉक्टरच.

काका या काढणीला बागेत होते. कॅरेटं आता जमिनीवर ठेवत नाहीत, विटांवर फळी टाकून गुडघ्याच्या वर उंची केलीये म्हणजे खालपर्यंत वाकावं लागत नाही. आणि दर अर्ध्या तासाने कात्री खाली ठेवून बांधावर एक चक्कर मारून येतात, गड्यांनाही सोबत नेतात.