टेलचं पाणी आणि लेसरचा झोत

कार्बन डायऑक्साइडचा लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी बनवला. पटेल जन्माने बारामतीचे, इंजिनीअर झाले पुण्यात. त्यामुळे या लेसरचा हिशोब बारामतीला पाणी देणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या भाषेत मांडला, तर ते फार ओढूनताणून आणल्यासारखं वाटू नये.

लेसरच्या वायूत मिसळलेल्या नायट्रोजनचे रेणू विजेने थरथरू लागतात. ही ऊर्जा ते बराच वेळ धरून ठेवतात आणि टक्कर झाली की कार्बन डायऑक्साइडच्या हवाली करतात. त्यातून १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो. मेख अशी, की कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला वर चढवायला १०० पैसे लागले तर प्रकाश होऊन येतात फार तर ४०. बाकीची ऊर्जा शेवटी उष्णता होते, आणि वायू तापला की लेसर मंदावतो. बंद नळीत ही उष्णता भिंतीपर्यंत रखडत पोचते. नळी जाड केली तरी मीटरमागे शंभरेक वॅटच्या आतच गाडी अडते. म्हणून तापलेला वायू हाकलायचा, ताजा आत घ्यायचा. मग किलोवॅट मिळतात.

खरी गंमत पुढे आहे. समजा, वीज प्रवाहाच्या वरच्या अंगालाच, आरशांच्या आधी दिली आणि भारलेला वायू दोन आरशांमधून आडवा वाहतोय. (१९६४ मध्येच पटेलांनी नायट्रोजनला वेगळ्या नळीत वीज देऊन मग तो कार्बन डायऑक्साइडमध्ये सोडला होता.) प्रवाहाचे मनातल्या मनात पातळ पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्याला अट एकच: आरशांमधल्या एका फेरीत प्रकाश जेवढा वाढेल, तेवढाच आरशांपाशी घटला पाहिजे. जास्त वाढला तर तो रेणूंना भराभर रिकामं करतो आणि वाढ आपोआप खाली येते. पहिल्या पट्ट्यात भरलेला वायू येतो, तिथे प्रकाश उसळतो. पुढच्यांना नायट्रोजन सोडील तेवढंच. कालव्यावरही तसंच: हेडवाल्याचा, म्हणजे तोंडाशी असलेल्याचा, ऊस तरारलेला; टेलवाला, म्हणजे शेवटी असलेला, पाण्याच्या पाळीची वाट बघत बसलेला.

आरसे अरुंद केले तर नायट्रोजनमधली ऊर्जा तशीच पुढे वाहून जाते. रुंद केले तर शेवटच्या पट्ट्यांत झोत विझतो. बाहेर सोडणारा आरसा जास्त पारदर्शक केला तर प्रकाश आत टिकत नाही. फार कमी केला तर तो आरशांनाच तापवत बसतो. गणिताने यातला सुवर्णमध्य सापडतो, पण एकतर्फीपणा काही जात नाही.

हा एकतर्फीपणा वॅटमीटरवर दिसत नाही, तिथे फक्त बेरीज असते. झोतासमोर क्षणभर ॲक्रिलिकचा ठोकळा धरा: वायू येतो त्या बाजूला खोल खड्डा, दुसऱ्या बाजूला नुसता ओरखडा.