प्रोग्राम बंद पडला, नोट्स टिकल्या: टॉमबॉय आणि त्याला पुन्हा उभं करणारे

लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच पण खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, टॉमबॉय नावाचं नोट्स लिहायचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं. २००४ साली आलं, २००६ मध्ये ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या २.१६ आवृत्तीसोबत थेट मिळायला लागलं आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेल्या कित्येक कॉम्प्युटरवर न मागता येऊन बसलं. काम एवढंच की कोपऱ्यातल्या आयकॉनवर क्लिक करायचं, छोटी खिडकी उघडते, लिहायचं, बंद करायचं, सेव्हचं बटणच नाही, आपोआप सेव्ह होतं. आमच्याकडे सोलापुरात पूर्व भागात एक डाईंग मास्तर, म्हणजे सूत रंगवणारे जाणकार, आहेत, त्यांनी सुताच्या रंगछटांची सगळी गणितं त्यात ठेवलेली, कुठल्या लॉटला किती कॉस्टिक, किती हायड्रोस, पाणी किती गरम, कुठल्या गिऱ्हाइकाला मरून थोडा डार्क लागतो वगैरे. निम्मं मराठीत, निम्मं तेलुगूत. वर्षानुवर्षांचा अनुभव आणि तो कागदावर कुठंच नाही.

आणि मग हा प्रोग्राम बंद पडला. २०१७ नंतर मूळ टॉमबॉयची नवी आवृत्ती आलीच नाही.

सॉफ्टवेअर बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी बघू, कारण कोड काही झिजत नाही, गंजत नाही, दहा वर्षांपूर्वीचा कोड आजही अक्षर न अक्षर तसाच असतो. बदलतं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं. टॉमबॉय सी शार्प भाषेत लिहिलेला, ती लिनक्सवर चालवायला मोनो नावाचा मोठा थर लागायचा, खिडक्या आणि बटणं काढायला जीटीके २ लागायचं, आणि मोनो आणि जीटीके यांना जोडणारी आणखी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, मध्ये. २०११ मध्ये जीटीके ३ आलं, २०२० च्या डिसेंबरात जीटीके ४ आलं आणि तेव्हाच जीटीके २ चा सपोर्ट संपला. मधली जोडणारी लायब्ररी सांभाळायला माणसं उरली नाहीत की लिनक्सच्या नव्या आवृत्तीतून ती काढून टाकतात, आणि एकदा ती गेली की तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्राम एका फटक्यात जातात, त्यांच्यात स्वतःत एकही बग नसला तरी. मोनोबद्दल शंका तर आधीपासूनच होती. सी शार्प मायक्रोसॉफ्टची भाषा, उद्या पेटंटवरून काही निघालं तर काय, म्हणून २००९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी तिच्यावर अवलंबून राहू नका असं जाहीरपणे सांगितलं होतं, आणि उबंटूनेही १२.०४ आवृत्तीपासून टॉमबॉय सोबत देणं थांबवलं.

पण मास्तरांच्या नोट्स कुठं गेल्या? कुठंच नाही. त्या डिस्कवरच होत्या, आणि मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

टॉमबॉय प्रत्येक नोटची एक वेगळी फाइल करतो. ती एक्सएमएल असते, म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, कुठल्याही एडिटरमध्ये उघडा, वाचता येते. आत नोटचं नाव, मग मजकूर, ठळक शब्दांच्या दोन्ही बाजूंना तशा खुणा, दुसऱ्या नोटकडे जाणारी लिंक असेल तर तिची खूण, नोट कधी केली, शेवटची कधी बदलली, आणि गंमत म्हणजे खिडकीची लांबी-रुंदी आणि कर्सर कुठल्या अक्षरावर होता हेसुद्धा. फाइलच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं की अक्षरं यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या एका ठरलेल्या पद्धतीत, आहेत. या एका ओळीमुळे मराठी शाबूत राहिली. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा पट्टा आहे, तेलुगूला तेवढाच वेगळा, आणि यूटीएफ-८ मध्ये दोन्हींच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात. ‘सोलापूर’ म्हणजे स, ओकार, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र अशी ७ चिन्हं, एकूण २१ बाइट. हे २१ बाइट जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर सोलापूरच असतात, प्रोग्राम कुठला आहे याचा काही संबंध नाही.

सोलापूरकराला हे समजावायला जकार्डचा मागच पुरे. चादरीचं डिझाइन मागात नसतं, ते पंच केलेल्या कार्डांच्या माळेत असतं, भोक आहे तिथं हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो, भोक नाही तिथं खाली राहतो. १८०४ मध्ये फ्रान्समधल्या ल्योंच्या जाकार यांनी मागावर नीट बसवलेली ही युक्ती, पुढे कॉम्प्युटरची पंच कार्डं याच विचारातून आली. माग मोडीत गेला तरी कार्डं असतील तर तेवढ्याच हुकांच्या आणि तशाच मांडणीच्या दुसऱ्या जकार्डवर तीच चादर निघते. नोटची फाइल म्हणजे ते कार्ड, आणि टॉमबॉय म्हणजे माग.

मग नवा माग बांधायचा कसा? टॉमबॉयच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या लोकांनी दोन वेगळे रस्ते घेतले, आणि दोन्हींतून शिकण्यासारखं आहे.

पहिला रस्ता जीनोटचा, २००९ मधला. तेव्हा टॉमबॉय चांगला चालू होता पण मोनो नको असलेले लोक बरेच होते, म्हणून एका डेव्हलपरने टॉमबॉयचा सी शार्प कोड समोर ठेवून तो सी प्लस प्लसमध्ये उतरवला. रचना तीच, भाषा दुसरी. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या एका प्रकाराने त्याच वर्षी बारावी आवृत्ती काढताना टॉमबॉयच्या जागी जीनोट घेतलासुद्धा. या पद्धतीत काम लवकर होतं, पण मूळ कोडमधले गुण आणि दोष दोन्ही सोबत येतात.

दुसरा रस्ता टॉमबॉय-एनजीचा. मूळ टॉमबॉय थंडावल्यावर ऑस्ट्रेलियातल्या एका डेव्हलपरने तो हातात घेतला आणि जुना कोड उतरवायच्या भानगडीत न पडता फ्री पास्कल भाषेत, लाझारस हे प्रोग्राम बांधायचं साधन वापरून, नव्याने प्रोग्राम लिहिला. पास्कल म्हटल्यावर आपल्यातल्या बऱ्याच जणांना कॉलेजचा सिलॅबस आठवेल, १९७० ची भाषा, पण इथं तिचा फायदा असा की कंपाइल केल्यावर सरळ मशीनची एक फाइल तयार होते, मोनोसारखा मधला थर लागतच नाही, आणि तोच कोड लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालतो. जुन्यातली त्याने एकच गोष्ट कटाक्षाने तशीच ठेवली, फाइलचा फॉरमॅट. त्यामुळे जुन्या टॉमबॉयच्या नोट्स तो सरळ वाचतो. मला विचाराल तर हा दुसरा रस्ता जास्त धाडसाचा आणि जास्त टिकाऊ, कारण मोनो आणि ती मधली जोडणारी लायब्ररी हे थरच त्याने बाजूला केले.

पण फाइल वाचता आली म्हणजे प्रोग्राम जिवंत झाला असं नाही. काही गोष्टी फाइलमध्ये नसतातच, त्या प्रोग्रामच्या सवयी असतात आणि त्या नव्या माणसाला बघून बघून परत बसवाव्या लागतात.

उदाहरणार्थ लिंक. टॉमबॉयची खरी मजा ही की एका नोटमध्ये लिहिताना दुसऱ्या नोटचं नाव आलं की ते आपोआप लिंक होतं. त्यासाठी हजार नोट्स असतील तर हजार नावं प्रत्येक वाक्यात शोधायची, आणि तेही टायपिंग अडखळू न देता. एकेक नाव घेऊन शोधत बसलं तर कॉम्प्युटर दमतो, म्हणून जुन्या टॉमबॉयमध्ये ट्राय नावाची रचना वापरलेली. सगळी नावं अक्षराअक्षराने एका झाडात रचायची, ‘सूत’, ‘सूतगिरणी’ आणि ‘सूत दर’ या तिन्हींचा सुरुवातीचा बुंधा एकच, पुढे फांद्या फुटतात, मग मजकूर वाचत जायचा आणि झाडावरून सोबत चालायचं, जिथं नाव पूर्ण होईल तिथं लिंक. झालं काम.

आता यात मराठीची अडचण बघा, माझ्या मते हिच्याकडे कुणीच नीट बघितलेलं नाही. लिंक व्हायला नाव जसंच्या तसं यावं लागतं आणि तो पूर्ण शब्द असावा लागतो. इंग्रजीत हे बऱ्यापैकी जमतं. मराठीत आपण ‘गिरणी’ असं नुसतं फार कमी लिहितो, ‘गिरणीचा’, ‘गिरणीत’, ‘गिरणीला’ असंच लिहितो, म्हणजे नाव सापडलं तरी शब्द तिथं संपत नाही म्हणून लिंक नाही. आणि ‘सूत’चं तर सामान्यरूपच वेगळं, ‘सुताचा’, दीर्घ ऊकाराचा ऱ्हस्व झाला, शिवाय काना आला, युनिकोडच्या हिशेबाने ते दुसरंच चिन्ह, म्हणजे झाडावर दुसऱ्या क्रमांकाच्या चिन्हालाच फांदी बदलली. मास्तरांच्या मराठी नोट्समध्ये लिंक इतक्या कमी का, त्याचं एक मोठं कारण हे.

दुसरी सवय सिंकची. घरचा कॉम्प्युटर आणि कारखान्यातला, दोन्हींवर त्याच नोट्स हव्यात. ऐकायला सोपं, पण समजा एक नोट घरी आहे आणि कारखान्यात नाही, तर याचा अर्थ काय, ती घरी नवीन लिहिली की कारखान्यात डिलीट केली? फाइलींकडे बघून हे कळूच शकत नाही, दोन्ही वेळी चित्र सारखंच दिसतं. म्हणून टॉमबॉय एक वेगळी यादी ठेवतो, मागच्या सिंकचा नंबर काय होता, त्यात कुठल्या नोट्स होत्या, त्यानंतर इथं कुठल्या उडवल्या. दोन्हीकडे एकच नोट बदलली असेल तर माणसाला विचारतो. नव्या डेव्हलपरने ही यादी चुकीची वाचली तर उडवलेल्या नोट्स परत येतील किंवा नवीन लिहिलेल्या गायब होतील, आणि माणसाचा विश्वास एकदा गेला की तो परत वहीकडेच वळणार. अशा प्रोग्राममधलं सगळ्यात जोखमीचं काम मी यालाच म्हणेन, दिसायला यात काहीच नसतं तरी.

कायद्याची बाजूही आहेच. टॉमबॉय एलजीपीएल लायसन्सखाली होता, म्हणजे कोड कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. त्यामुळे अनोळखी माणसाला मूळ लेखकाची परवानगी मागत बसावं लागलं नाही. कोड बंद असता आणि फॉरमॅटही बंद असता तर बाहेरून एकेक बाइट उलगडत बसावं लागलं असतं.

आपल्याकडे याचं उलटं उदाहरण घराघरात आहे. युनिकोडच्या आधी मराठी डीटीपी झाली ती जुन्या फॉन्टमध्ये, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल सगळं. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले, म्हणजे फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच आणि दिसायला मराठी. फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसतो. बदलून घ्यायलाही सोपं नाही, कारण त्यात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये व्यंजनाच्या नंतर, शिवाय प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, आणि एकाच फाइलमध्ये मराठी आणि तेलुगू असेल तर कुठं कुठला फॉन्ट होता हे माहीत असल्याशिवाय दोन्ही वाचताच येत नाही. अशा फाइली ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांनी त्या फॉन्टच्या फाइली टाकू नयेत, तक्ता तयार करायचा तर तोच एक धागा आहे.

मास्तरांच्या नोट्स आता टॉमबॉय-एनजीत उघडतात, मरूनचा हिशेबही जसाच्या तसा. सामान्यरूपाचा प्रश्न मात्र तसाच आहे. तो सोडवायचा तर नाव जुळवतानाच मराठीचे प्रत्यय ओळखावे लागतील, ‘चा-ची-चे’, ‘ला’, ‘त’, ‘ने’ बाजूला काढून उरलेल्याची तुलना करायची, आणि ‘सूत-सुता’, ‘दूध-दुधा’, ‘मीठ-मिठा’ अशा जोड्यांसाठी ऱ्हस्व-दीर्घाचा वेगळा नियम. कोड खुला आहे, पास्कलमध्ये आहे, आणि सोलापुरात इंजिनीअरिंगची कॉलेजं आहेत, तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलांनी मिळून करावा असा हा अगदी बेताचा प्रोजेक्ट आहे.